तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मग दहा दिवस औषध कशाला?

प्रश्न : माझी मुलगी ६ वर्षांची आहे, पहिलीत जाते, वजन १८ किलो. जूनअखेर शाळा उघडली तेव्हापासून पाचदा तिचा घसा धरला. पहिल्या चार वेळा सर्दी-खोकलाही होता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ॲझिथ्रोमायसिन आणून ३ दिवस दिलं, बरं वाटलं. या वेळी मात्र अचानक १०२ ताप, पोटात दुखतं म्हणाली, दोन उलट्या, आवंढा गिळवेना. खोकला अजिबात नव्हता. डॉक्टरांनी घशातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन तिथल्या तिथे तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. १० दिवसांचं अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. आज चौथा दिवस. ताप कालपासूनच नाही, पोरगी खेळते आहे. सासूबाई म्हणतात, औषध उष्ण पडतं, आता बंद कर. हे सगळं थंड खाण्यानंच होतं. मी घाबरून परस्पर रक्ताची एएसओ तपासणी केली, ती ४०० आली. शेजारच्या काकू म्हणतात, घशातल्या गाठी (टॉन्सिल) काढूनच टाका. औषध थांबवू का? एएसओसाठी वेगळं काही द्यावं लागेल का? आणि ऑपरेशन?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, औषध थांबवू नका. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल, पण आज रात्रीचा डोस चुकवू नका.

तुमच्या मुलीच्या घशात जो जंतू सापडला त्याला डॉक्टर थोडक्यात स्ट्रेप म्हणतात. याने धरलेला घसा औषध न देताही चार-पाच दिवसांत आपोआप बरा वाटू लागतो. म्हणजे सासूबाईंचं निरीक्षण चुकीचं नाही, पोरगी खरोखर बरी दिसते आहे. पण हे दहा दिवस घशासाठी नसून हृदयासाठी आहेत. या जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन आपल्या हृदयाच्या आणि सांध्यांच्या पेशींशी मिळतंजुळतं असतं. शरीर जंतूविरुद्ध जी फौज उभी करतं ती कधी कधी आपल्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. घसा बरा झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी हे सुरू होतं, म्हणून घशाचा आणि त्याचा संबंध घरच्यांच्या लक्षातही येत नाही. यालाच र्‍हुमॅटिक ताप म्हणतात. आज गुडघा सुजला, दोन दिवसांनी तो बरा होऊन घोटा सुजला, मग मनगट, अशी सांधेदुखी फिरत राहते. कुणाला जिना चढताना धाप लागते. कुणाच्या हातातून वस्तू पडतात, अक्षर अचानक बिघडतं, हातपाय नकळत हलत राहतात. झडप एकदा जास्त खराब झाली की ती बहुधा जन्माची. ५ ते १५ हे याचं खास वय, आणि आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही.

घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी र्‍हुमॅटिक ताप टळतो. म्हणजे तपासणीच्या अहवालासाठी एक-दोन दिवस थांबावं लागलं तर जीव टांगणीला लावू नका. मात्र सुरू केलेलं औषध पूर्ण १० दिवस जायलाच हवं, कारण तेवढ्यानेच जंतू घशातून समूळ जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी औषध सोडलं तर मुलगी बरी दिसते आणि जंतू गाठींच्या खाचाखोचांत तसाच बसून राहतो.

आता हे १० दिवस प्रत्यक्षात कुठे बिघडतात ते सांगतो, कारण बहुतेक घरांत कोर्स हट्टाने नाही, हिशेबाने चुकतो. अमॉक्सिसिलिनची लहान बाटली बहुधा ३० मिलीची असते. दिवसाला १० मिली लागत असेल तर ती तिसऱ्या दिवशी संपणार, आणि बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं घरात सगळे धरून चालतात. चिठ्ठीवरचा रोजचा डोस गुणिले १० करा आणि तेवढ्या बाटल्यांचा हिशेब दुकानातच मांडा. औषध बाटलीत कोरड्या पावडरच्या रूपात येतं. ती आधी हलवून मोकळी करायची, मग उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत थोडं थोडं घालून हलवायचं. फेस बसला की पातळी खाली गेलेली दिसते, तेव्हा पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालायचं. पाणी कमी पडलं तर सगळे डोस जड जातात, जास्त पडलं तर हलके. एकदा मिसळलेलं औषध साधारण ७ दिवसच टिकतं, नेमके दिवस लेबलवर छापलेले असतात. म्हणून सगळ्या बाटल्या पहिल्याच दिवशी मिसळून ठेवू नका. दर वेळी देण्यापूर्वी बाटली हलवा, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि शेवटचे डोस भलतेच कडक होतात. हा सगळा खटाटोप नको असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या चालतील का, ते डॉक्टरांना विचारा.

डोस विसरला तर आठवल्याबरोबर द्या, पुढचा दुप्पट करू नका. घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं उलटून पडलं तर तो डोस पुन्हा देता येतो. पोट थोडं सैल होणं नेहमीचं आहे, त्यासाठी औषध बंद करायचं नसतं. ओआरएस, ताक, भात-वरण चालू ठेवा. औषध उष्ण पडतं असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच सैल पोट किंवा तोंडातले छाले डोळ्यासमोर असतात. मात्र अंगावर खाजरे चट्टे उठले, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर औषध थांबवून त्याच वेळी डॉक्टर गाठायचे. ती ॲलर्जी असू शकते.

ॲझिथ्रोमायसिनबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पहिल्या चार वेळा सर्दी होती, नाक वाहत होतं, खोकला होता. ते जवळपास नक्कीच विषाणूचे आजार होते आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा शून्य उपयोग होतो. तीन दिवसांनी बरं वाटलं ते गोळीमुळे नव्हे, आजाराची मुदत तेवढीच होती म्हणून. आणि खरोखर स्ट्रेप असता तरी ३ दिवसांचा तो कोर्स अपुराच पडला असता. ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हे औषध राखून ठेवलेलं बरं, आणि तेव्हाही ते वजनानुसार ५ दिवस लागतं. याला दाद न देणारे स्ट्रेप आता सापडतात. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन मात्र या जंतूवर इतकी दशकं लोटली तरी कामाला येतात. तुमच्या डॉक्टरांनी तपासणी करून साधं, जुनं, स्वस्त औषध दिलं, ही चांगल्या डॉक्टरची खूण समजा.

एएसओ ४०० आला म्हणून काहीही वेगळं द्यायचं नाही. ही तपासणी शरीराने स्ट्रेपविरुद्ध उभी केलेली फौज (प्रतिपिंडं) मोजते, आजचा आजार दाखवतच नाही. स्ट्रेपशी शरीराची गाठ पडल्यावर आठवड्याभराने हा आकडा चढू लागतो, तीन ते पाच आठवड्यांनी कळसाला पोचतो आणि मग कित्येक महिने वरच राहतो. प्रयोगशाळेच्या कागदावर २०० च्या खाली म्हणजे बरोबर असं छापलेलं असतं, पण शाळकरी मुलं या जंतूच्या संपर्कात सारखी येत असतात, त्यामुळे निरोगी मुलांतही २०० च्या वरचा आकडा सर्रास दिसतो. एएसओचा खरा उपयोग सांधे सुजलेत, धाप लागते, लघवी लाल झाली अशा वेळी मागे स्ट्रेप होऊन गेला का, हे ताडण्यासाठी असतो. नुसता कागदावरचा आकडा खाली आणण्यासाठी पोरांना महिनोन् महिने पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली जातात तेव्हा वाईट वाटतं. दर तीन आठवड्यांचं ते इंजेक्शन ज्यांना र्‍हुमॅटिक ताप खरोखर होऊन गेला आहे त्यांच्यासाठी अत्यंत मोलाचं आहे, आणि त्यांनी ते एकदाही चुकवू नये. तुमच्या मुलीला त्याची गरज नाही. ही तपासणी पुन्हा करू नका.

पुढच्या वेळी घसा धरला तर औषध कोणतं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की सोबत काय आहे? नाक वाहतंय, शिंका आहेत, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत तर विषाणू. टाळूला, जिभेच्या मागे बारीक फोड किंवा छाले असतील, तळहात-तळपायांवरही पुरळ असेल तर तोही विषाणूच, पावसाळ्यात बालवाड्यांमध्ये याची साथच येते. याउलट अचानक चढलेला ताप, डोकं आणि पोट दुखणं, उलटी, जबड्याखालच्या गाठी सुजून दुखऱ्या होणं, टाळूवर बारीक लाल ठिपके, आणि सर्दी-खोकला मुळीच नाही, अशी जोडी जमली तर स्ट्रेपची शंका घ्यायची. अंगावर खरकागदासारखं खरखरीत लाल पुरळ आलं तर शंका आणखी बळावते. टॉन्सिलच्या गाठींवर पांढरे ठिपके दिसले की स्ट्रेपच असं मात्र समजू नका, काही विषाणूंमध्येही ते हुबेहूब तसेच दिसतात. शाळकरी वयात दुखऱ्या घशांपैकी फार तर तीनात एक स्ट्रेपचा असतो, तीन वर्षांखाली तर तो क्वचितच. म्हणून शंका आली की तपासणी, आणि तपासणीनंतर औषध. शेजारच्या पोराची उरलेली बाटली कधीच नाही.

आणखी एक प्रकार नागपुरात हमखास दिसतो. मूल सकाळी उठतं तेव्हा घसा दुखतो, दहा वाजेपर्यंत आपोआप थांबतो, ताप नाही. हे बहुधा रात्रभर तोंडाने श्वास घेतल्याने होतं. नाक चोंदलेलं, आत ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले, वर मे महिन्यातली कोरडी हवा नाहीतर थंडीतली बंद खोली. इथे उपचार नाकाचा करायचा असतो, घशाचा नव्हे.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसं आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १८ किलोला एका वेळी सुमारे २५० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलीत २५० मिग्रॅ लिहिलं असेल तर ५ मिली, आणि ५ मिलीत १२० किंवा १२५ लिहिलं असेल तर १० मिली. दोन डोसांत ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारहून अधिक नाही. सगळ्यात घातक चूक होते ती तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीशी. त्यात १ मिलीतच १०० मिग्रॅ असतात. तेच ५ मिली पाजलं तर ५०० मिग्रॅ पोटात जातात. घरातला चमचा वापरू नका, टोपणासोबतचं माप किंवा सिरिंज घ्या. सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम दिली तर डोस दुप्पट होतो. ॲस्पिरिन मुलांना नाही. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून देशात बंदी आहे, जुन्या चिठ्ठीवरून आणू नका. आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे डेंग्यूचे दिवस, तेव्हा सर्दी-खोकल्याशिवायच्या तापात आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड घरच्या घरी देऊ नका. डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खोकल्याचं पातळ औषध घशासाठी आणूच नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुलं साध्या सर्दी-खोकल्याच्या औषधानंतर मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली आणि त्यातली कित्येक वाचली नाहीत. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं की अशी औषधं २ वर्षांखाली देऊ नयेत आणि ५ वर्षांखाली सहसा देऊ नयेत. ज्या औषधाचा फायदाच नगण्य आहे त्यासाठी एवढी जोखीम कुठल्याही लेकराने का घ्यावी? कुठलंही पातळ औषध चालू असताना लघवी कमी झाली, उलट्या लागल्या तर ते औषध थांबवून बाटलीसकट रुग्णालयात जा.

घरात करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते सासूबाईंनाच जास्त चांगलं येतं. एक वर्षावरच्या मुलाला अर्धा ते एक चमचा मध (वर्षाखाली मध मुळीच नाही, त्याने बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो). पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, दिवसातून तीन-चार वेळा. त्या ६ वर्षांच्या आसपास जमू लागतात, लहान मूल ते पाणी गिळूनच टाकतं. हळदीचं दूध, पातळ मुगाचं वरण, मऊ भात, सगळं चालेल. याने जंतू मरत नाही, पण घसा शांत होतो आणि पोटात पाणी जातं, तेही औषधाइतकंच महत्त्वाचं. उकळत्या पाण्याची वाफ मात्र नको, भांडं कलंडून पोरं भाजतात. बोटाला मीठ-हळद लावून गाठी दाबणं, पडजीभ उचलणं तर अजिबात नको.

थंड खाण्याचं सासूबाईंना समजावून सांगा: घसा थंडीने धरत नाही, दुसऱ्याच्या खोकल्या-शिंकेतून आणि उष्ट्या बाटलीतून आलेल्या जंतूने धरतो. जून-जुलैत शाळा भरली, तान्ह्या पोळ्याला पोरं एकत्र जमली की साथ फिरते, त्याला बर्फ लागत नाही. उलट गिळवत नसेल तेव्हा गार पाणी, घरचं आइस्क्रीम दोन चमचे दिलं तर दुखणं बधिर होतं आणि मूल पिऊ लागतं. रस्त्यावरचा गोळा नको हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, पण त्याचं कारण त्यातलं पाणी. त्याने टायफॉइड, कावीळ होते.

औषधाचे २४ तास पूर्ण झाले आणि ताप नसला की शाळेत पाठवता येतं. पाण्याची बाटली तिची वेगळी. घरात दुसऱ्या कुणाचा घसा दुखत नसेल तर त्यांची तपासणी करायची गरज नाही.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. लाळ गिळता न येता तोंडातून गळणं, श्वास घेताना घुर्र असा आवाज किंवा छाती आत ओढली जाणं, तोंडात गरम बटाटा असल्यासारखा आवाज, तोंड उघडता न येणं, मान वळवू न देणं, सुस्त पडून राहणं, आठ तासांत लघवी न होणं. अशा मुलाच्या घशात चमचा घालून पाहू नका, झोपवू नका. ते जसं बसलं आहे तसंच मांडीवर घेऊन मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स यांपैकी जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे जा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. याखेरीज, बरं झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत सकाळी डोळे-चेहरा सुजलेला दिसला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर लघवी तपासून घ्या. हाच जंतू मूत्रपिंडालाही त्रास देतो.

गाठींचं ऑपरेशन तुमच्या मुलीला आज लागत नाही. त्याचा ठोकताळा जगभर असा आहे: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. आणि तेही प्रत्येक वेळी घशासोबत १०१ च्या आसपास किंवा वर ताप, सुजलेल्या मानेच्या गाठी, टॉन्सिलवर पांढरं किंवा स्ट्रेपची तपासणी पॉझिटिव्ह, यांपैकी काहीतरी नोंदलेलं असेल तर. तुमच्या पाचांपैकी चार सर्दीचे होते, ते यात धरायचे नाहीत. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होतातच. एक वही करा: तारीख, ताप किती, खोकला होता की नाही, तपासणी काय आली, औषध कोणतं, किती दिवस. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायची वेळ आली तर ही वही कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त बोलेल. ऑपरेशनचं दुसरं कारण झोपेचं. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकून उठणं, दिवसा पेंगणं हे असेल तर मात्र वर्षभर वाट पाहू नका, तज्ज्ञाला दाखवा.

शेवटी लसीचं कार्ड बाहेर काढा. घशात करडा-पांढरा, ओढल्यास रक्त येणारा पडदा आणि सुजलेली जाड मान म्हणजे घटसर्प, आणि महाराष्ट्रातून तो अजून गेलेला नाही. बाळपणीच्या तीन डोसांनंतर दीड-दोन वर्षांचा बूस्टर बहुतेकांचा होतो, ५ ते ६ वर्षांचा दुसरा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर मात्र शाळाप्रवेशाच्या गडबडीत राहून जातो. तुमची मुलगी नेमकी त्याच वयात आहे. डीपीटी ७ वर्षांपर्यंतच देतात. कार्डावर तो रकाना रिकामा असेल तर हा कोर्स संपताच महानगरपालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा, तिथे तो मोफत मिळतो. पुढचा टीडी (धनुर्वात-घटसर्प) १० वर्षांचा, त्यानंतरचा १६ चा.